रीतीला मार्क असतात

आमच्या घरात गणिताचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. बारशाला किती माणसांचा स्वयंपाक सांगायचा, टाकीत पाणी किती बसेल, एका गुंठ्याचे चौरस फूट किती, सगळं मला विचारायचं. स्वयंपाक दर वेळी एक तर कमी पडतो नाही तर उरतो, तरी घरच्यांचा विश्वास ढळलेला नाही. साताऱ्यातल्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतोय, एवढं त्यांना पुरतं. त्यामुळे धाकट्या भावाने फोन करून विचारलं, "दादा, एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसावं म्हणतोय, गणिताचं तू बघशील का?" तेव्हा मी लगेच हो म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी वेळेत केलेली गोष्ट ती एवढीच.

भाऊ चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून बाहेर पडला होता. वय त्रेचाळीस. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं घरटी एक माणूस फौजेत जातो, आणि आमच्या घरातून खरं तर थोरला म्हणून मी जायचा होतो. गेलोही होतो भरतीला. धावलो, लोंबकळलो, आणि छातीला अडकलो. टेप लावणारा जवान म्हणाला, "फुगव." मी म्हणालो, "फुगवलीय की." त्याने टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. तीन वर्षांनी माझ्या जागी धाकटा गेला आणि पहिल्याच भरतीत लागला. त्याची बारावी झाली होती, चांगले मार्क होते, त्याला पुढे शिकायचं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही. मी तेव्हा बीएड करत होतो. मीही विचारलं नाही.

फौजेत असतानाच त्याने मुक्त विद्यापीठातून बीए केलं. त्याची बायको आटपाडीची. मुलीच्या शाळेसाठी ती सांगलीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होती आणि ब्लाऊज शिवून घर चालवायला हातभार लावत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण नवराबायको एका छपराखाली किती राहिले ते महिन्यांत सांगता आलं असतं. आता पेन्शन घेऊन भाऊ घरी आला, तर त्याच्या एका जुन्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. साहेब निवृत्त होऊन सांगलीजवळच्या एका खासगी हॉस्पिटलचा कारभार बघत होते. ते म्हणाले, एमबीएला प्रवेश मिळव, मी तुला पहिल्या वर्षापासून इथं ऑफिसात घेतो, नोकरी करत शीक. जूनपर्यंत जागा अडवून ठेवतो. प्रवेश नाही मिळाला तर माझ्याकडे दुसरं काही नाही. पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लावून देतो.

म्हणजे एवढंच होतं. परीक्षा निघाली तर सांगलीत बायको-मुलीपाशी, नाही तर पुण्यात गेटवर. पुन्हा खोली, पुन्हा डबा, पुन्हा रजा.

मी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की साताऱ्याहून एसटीने सांगलीला जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो. बायको म्हणायची, "एवढ्या हौसेनं तर सासुरवाडीलाही कधी गेला नाहीत." खरं होतं. पिशवीत लाल पेन, निळं पेन आणि पट्टी असायची. पट्टी कशाला ते पुढे येईलच.

पहिल्या शनिवारी मी त्याला विचारलं, दोनचा दहावा घात अधिक दोनचा दहावा घात किती. त्याने विचार करून लिहिलं, दोनचा विसावा घात.

"गुणाकार न्हवं रं, बेरीज हाय," मी म्हणालो. "समज एक बटालियन हाय. तसलीच दुसरी येऊन शेजारी उभी राहिली. किती झाल्या?"

"दोन बटालियन."

"मग दोन गुणिले दोनचा दहावा. आता पाया सारखा झाला, घातांकांची बेरीज कर."

त्याने केली. दोनचा अकरावा आला.

"म्हंजी एवढी मोठी फौज येऊन मिळाली आन् वाढला नुसता एक?"

"एकच."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "आमचंबी तसंच. चोवीस वर्षं घातली आन् दंडावर फिती आल्या तीन."

तो हसला म्हणून मीही हसलो. मशीनवर बसलेली त्याची बायको हसली नाही.

तो विद्यार्थी म्हणून फार चांगला होता. इतका चांगला विद्यार्थी मला बावीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि आता वाटतं, हाच घात झाला. तो सांगितलेलं तंतोतंत करायचा. मी म्हणालो समास सोड, की समास सुटायचा, आणि पानाच्या वरपासून खालपर्यंत एकसारखा. मी त्याला माझी पद्धत दिली. आधी 'दिलेले' लिहायचं. मग 'काढायचे'. मग सूत्र. मग किमती घालून एकेक पायरी, प्रत्येक पायरीपुढे तीन ठिपक्यांचं 'म्हणून', आणि शेवटी उत्तर लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा. मी हे ज्या गुरुजींकडून शिकलो ते पायरी गाळली की वही भिरकावायचे. मी भिरकावत नाही, मार्क कापतो. आमच्याकडे पाच मार्कांच्या गणिताला उत्तराचा एक मार्क आणि चार रीतीचे. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर पोरगं पास होतं. माझी कैक पोरं अशी नुसत्या रीतीवर पास झालीत. मीही त्यातलाच.

"दादा, तिथं चार पर्याय असत्यात म्हणं," एकदा भाऊ म्हणाला. "नुसती टिचकी मारायची."

"असू देत. रीत पक्की असली की उत्तर कुठं जातंय?"

"बरं," तो म्हणाला. पुन्हा विचारलं नाही. त्याच्या नोकरीत वरून आलेलं दुसऱ्यांदा विचारायची सवय नव्हती.

मग अवयवांकडे आलो. तीनशे साठ या संख्येला एकूण विभाजक किती. मूळ अवयव पाडले. दोन तीनदा, तीन दोनदा, पाच एकदा. प्रत्येक घातांकात एक मिळवायचा आणि गुणाकार करायचा. चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. त्याने दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "पर एक का मिळवायचा?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. पोरांना मी सांगतो, सूत्र आहे, आणि पोरं लिहून घेतात. मला थांबून विचार करावा लागला. मग म्हणालो, "दोन तीन वेळा हाय. तू तीनदा घेऊ शकतोस, दोनदा घेऊ शकतोस, एकदा घेऊ शकतोस. आणि अजिबात न घेणं, हाबी एक पर्यायच की. झाले चार."

"रजा मंजूर असून न घेतल्यागत."

"व्हय, तसंच."

"तुमी त्योच पर्याय लय वेळा घेतलासा," त्याची बायको मशीन न थांबवता म्हणाली.

त्याने पाचशे चाळीसचे विभाजक काढायला घेतले.

एका रविवारी सकाळी सातच्या त्रेचाळिसाव्या घाताचा शेवटचा अंक काढायचं गणित चाललं होतं. सातचे घात घेत गेलं की एकक स्थानी सात, नऊ, तीन, एक असे चारच अंक फिरून फिरून येतात. त्याला ते फार आवडलं. म्हणाला, चौघांची पहाऱ्याची पाळी असती तसं हाय. त्रेचाळीसला चारनं भागलं, बाकी तीन, म्हंजी तिसरा गडी ड्यूटीवर. उत्तर तीन. एवढं त्याला तोंडी आलं होतं, बसल्या बसल्या, पेन न उचलता. आणि मी काय म्हणालो?

"आता हेच रीतीनं लिही."

त्याने लिहिलं. सातचा पहिला घात, दुसरा घात, तिसरा, चौथा, निरीक्षणावरून, म्हणून, म्हणून, भागाकार, बाकी, उत्तर, दोन रेघा. स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली. हाताला पीठ होतं.

"आवं दादा, एक विचारू का? तुमी बसला तवा मी कुकर लावला. डाळ शिजली, शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला. आन् हे अजून त्याच गणितावर. परीक्षेत असंच करायचं असतंय का?"

"पाया पक्का होतोय वहिनी," मी म्हणालो. ती माझ्यापेक्षा लहान, पण मी तिला वहिनीच म्हणतो.

"पाया लय पक्का झाला. भिंती कवा बांधायच्या?"

भाऊ म्हणाला, "तू गप गं. दादाला कळतंय."

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो, नाही तर पुन्हा दुसरंच काही सांगत बसेन.

वहिनीचं बोलणं मला लागलं होतं. त्याच आठवड्यात शाळेत एक मोकळा तास होता. शिक्षकांच्या खोलीत बसून मी फोनवर त्या परीक्षेची एक सराव परीक्षा उघडली. म्हटलं बघू तरी कसली असते. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं. पहिलाच प्रश्न माझ्या घरचा. दोनचा चौदावा घात वजा दोनचा दहावा घात, या संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव कोणता. मी जुन्या प्रश्नपत्रिकेचा कोरा भाग ओढला आणि लिहिलं, दिलेले. मग काढायचे. दोनचा दहावा घात सामाईक काढला, कंसात सोळा वजा एक, पंधरा, तीन गुणिले पाच, म्हणून उत्तर पाच. बरोबर आलं. पट्टी जवळ नव्हती म्हणून रेघा हाताने मारल्या. तोवर त्या घड्याळाने पुढच्या चार-पाच प्रश्नांचा वेळ खाल्ला होता.

मग मी घाई केली. घाई केली की माझ्या चुका होतात हे मला त्या दिवशी कळलं, कारण बावीस वर्षांत मी कधी घाई केली नव्हती. वेळ संपला तेव्हा निम्मे प्रश्न मी बघितलेही नव्हते. पडद्यावर माझा आकडा आला. तो मी इथं लिहीत नाही. शेजारी बसलेले इंग्रजीचे सर वाकून म्हणाले, "काय सर, गेम खेळताय?"

"हो," मी म्हणालो आणि फोन खिशात घातला.

परीक्षेला तेव्हा एक महिना होता. चार शनिवार-रविवार. एवढ्यात माणूस बदलू शकला असता. आकडेमोड डोक्यात करायची, पर्याय आधी बघायचे, येत नाही ते सोडून पुढे जायचं, एवढंच शिकवायचं होतं, आणि ते मला येत नव्हतं. मी त्याला सांगू शकलो असतो की गड्या, माझं चुकलंय, एखादा क्लास लाव. सांगलीत क्लास कमी नाहीत. पण घरात गणित म्हणजे मी. मी गेलो, आणि रीतच शिकवली. उलट जरा जास्त कडकपणे.

मधल्या एका शनिवारी त्यानेच काढलं, "दादा, एक सराव परीक्षा देऊन बघू का? कॉम्प्युटरवर?"

"आत्ता नको. मन विचलित होतं. आधी पाया."

"बरं."

परीक्षा सांगलीच्या बाहेर एका कॉलेजात होती. मी एक दिवस रजा टाकून गेलो. गेटबाहेर कडुलिंबाखाली आई-बापांची गर्दी. एका बाईंनी मला पाण्याची बाटली पुढे करत विचारलं, "मुलगा बसलाय की मुलगी?"

"भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

गेटवरचा वॉचमनही माजी सैनिक निघाला. भावाचे केस आणि उभं राहणं बघूनच त्याने ओळखलं. दोघांचं कुठल्या सालात कुठं होतो असं चालू झालं. आत जायची वेळ झाली तेव्हा वॉचमन म्हणाला, "पोरीला सोडायला आलाय न्हवं?"

"न्हाई, मीच बसतोय."

वॉचमनने त्याचं प्रवेशपत्र हातात घेऊन फोटो बघितला, चेहरा बघितला आणि फाटकाची कडी काढली. "जावा," तो म्हणाला. "तुमी तरी जावा आत."

भाऊ बाहेर आला तो हसत होता. मला बरं वाटलं. आम्ही रस्त्याकडेला रसाच्या गाड्यावर बसलो.

"जेवढी गणितं सोडवली तेवढी सगळी बरोबर आली बघ," तो म्हणाला. "एकबी चुकलं नसंल. घातांकाची तर मोप व्हती. त्यांनी कच्च्या कामाला कागद दिला व्हता, त्यावर सगळं रीतसर लिहिलं. शेजारची पोरगी बघत व्हती. शेवटाला म्हणाली, काका, हे तपासत न्हाईत वो. मी म्हणलं, असू दे."

"आणि बाकीची?"

"कुठली बाकीची?"

"जी सोडवली नाहीत ती."

"ती बघायचीच राहिली," तो म्हणाला. रसाचा ग्लास त्याने खाली ठेवला. "लय राहिली, दादा."

निकाल फोनवर आला. मी शाळेत होतो. त्याने नुसता आकडा पाठवला, पुढे काही नाही. पर्सेंटाईल काय असतं ते मला शिकवता येतं, त्यामुळे तो आकडा मला नीट समजला. त्या आकड्यावर सांगलीतच काय, कुठंही सरकारी फीची जागा नव्हती, आणि मॅनेजमेंट कोट्याची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. साहेबांनी जून संपेपर्यंत वाट बघितली आणि ऑफिसातली जागा दुसऱ्याला दिली. शब्दाला जागून त्यांनी पुण्याचंही जमवलं. निळसर शर्ट, काळी पँट, बारा तासांची पाळी.

तो निघणार होता त्या रविवारी मी सांगलीला गेलो. पट्टी नव्हती, पेन नव्हतं. सकाळी आम्ही दोघं स्टँडवर उभे होतो. वहिनी मुलीला घेऊन जरा लांब बाकावर बसली होती. पुण्याची गाडी लागायची होती. मी काही ठरवून आलो नव्हतो. तो म्हणाला, "दादा, तू लय हेलपाटे घातलंस माझ्यापायी," आणि मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. शिक्षकांची खोली, फोन, घड्याळ, आकडा. आकडाही सांगितला.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हे कवा?"

"परीक्षेच्या आधी महिनाभर."

"म्हंजी चार आठवडे व्हते हातात."

"व्हय."

"मी सराव परीक्षा देऊ का म्हणून विचारलं, त्याच्या आधी का मागनं?"

"आधी."

त्याने मान हलवली. समोरून एक गाडी आली, ती कोल्हापूरची निघाली. लोक धावले आणि परत आले.

"लाज वाटली रं," मी म्हणालो. "मला येत न्हाई हे तुला कसं सांगायचं?"

"आमच्यात काय असतंय माहीत हाय का," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पहाऱ्याची पाळी समजावून सांगावी तसा. "पुढं चालणाऱ्याला वाटंत काय दिसलं, तर त्यानं मागच्याला सांगायचं. त्याला भ्या वाटू दे, लाज वाटू दे. सांगायचं. मागचा त्याच्याच पावलावर पाय टाकत येत असतोय."

मला वाटलं तो पुढे काही बोलेल. शिव्या देईल असंही वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण गाडी लागली. त्याने बॅग खांद्यावर घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोला हळू आवाजात काही सांगितलं. मग नेहमीसारखा माझ्या पाया पडला. नोकरीवर जाताना तो कायम पडतो, चोवीस वर्षं पडत आलाय. मी "सुखी राहा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खिडकीत बसल्यावर तो म्हणाला, "पुढच्या सालाला परत बसणार हाय. तिकडं क्लास लावतो."

"लाव," मी म्हणालो.

गाडी गेली. वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि मुलीचा हात धरला. आमचं बोलणं तिला ऐकू गेलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

"चला दादा, चहा घेऊन जावा," ती म्हणाली.

मी म्हणालो, साताऱ्याची गाडी आता लागेलच, तिनंच जातो. गाडीला अजून तासभर होता, आणि समोरच्या फलकावर ते लिहिलेलं होतं. तिने फलकाकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि मुलीला घेऊन चालायला लागली. आग्रह केला नाही.